खांदा आणि हाताच्या नसांना इजा: उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाईकवरून पडल्यावर हात लुळा पडलेले तरुण आणि त्यांच्या घरची माणसं यांना समोर ठेवून हे पान लिहिलं आहे. खांदा निखळला असेल, दंडाचं हाड मोडल्यावर मनगट खाली पडलं असेल किंवा बाळंतपणात बाळाच्या हाताला इजा झाली असेल, तर त्याबद्दलही इथे वाचायला मिळेल. फिजिओथेरपीच्या खोलीत हेच प्रश्न रोज येतात, आणि विचारणारे बरेच जण सात-आठ महिने वाया गेल्यावर पोहोचलेले असतात. तो वेळ वाचावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

हाड जुळलं, जखमा भरल्या, तरी हात उचलला का जात नाही?

हाताला हलवणाऱ्या नसा मानेतून निघतात. मणक्यांमधून सी5, सी6, सी7, सी8 आणि टी1 अशी पाच मुळं बाहेर पडतात, कॉलर बोनच्या मागे एकमेकांत गुंफतात आणि काखेतून हातात उतरतात. या गुंत्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. माणूस बाईकवरून खांद्यावर आपटतो तेव्हा डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे फेकला जातो. मधल्या नसांना जबर ताण बसतो. हेल्मेटने डोकं वाचतं, पण हा ताण हेल्मेट अडवू शकत नाही.

वरची दोन मुळं गेली की खांदा उचलता येत नाही आणि कोपर वाकत नाही, पण बोटं चालतात. सी7 गेलं की कोपर सरळ करणं आणि मनगट उचलणं अवघड होतं. खालची दोन गेली की पकड जाते. पाचही गेली तर हात खांद्यापासून नुसता लोंबतो.

अपघातानंतर पहिले काही दिवस सगळ्यांचं लक्ष डोक्याच्या माराकडे, बरगड्यांकडे, मांडीच्या फ्रॅक्चरकडे असतं. ते योग्यच आहे, जीव आधी. पण त्या गडबडीत हाताकडे दुर्लक्ष होतं. रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला कोपर वाकवायला सांगा, मूठ आवळायला सांगा. जमत नसेल तर डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांना विचारा आणि ते कार्डावर लिहून घ्या.

‘नसेला धक्का बसलाय, आपोआप येईल’ असं सांगितलंय. थांबू का?

थांबा, पण तारीख ठरवून थांबा. आणि थांबण्याच्या काळात तपासण्या चालू ठेवा.

इजा तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात नस शाबूत असते, फक्त तिचं काम बंद पडलेलं असतं. असा हात काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत परत येतो. दुसऱ्या प्रकारात नसेचं वरचं आवरण टिकतं पण आतले धागे तुटतात; ते पुन्हा वाढतात, पण हळू. तिसऱ्या प्रकारात नस पूर्ण तुटते, आणि तिथे नुसतं थांबून काहीही होत नाही. हे वर्गीकरण ब्रिटिश सर्जन सेडन यांनी 1943 मध्ये मांडलं, आणि आजही डॉक्टर त्याच भाषेत बोलतात.

याखेरीज प्लेक्ससची एक वेगळी, सगळ्यात वाईट इजा आहे. रोप मुळासकट उपटावं तशी नस मणक्यातूनच उपटली जाते. तिला अव्हल्शन म्हणतात. तिथे शिवायला दुसरं टोकच उरत नाही.

अडचण ही की पहिल्या आठवड्यात या सगळ्या प्रकारांत हात सारखाच दिसतो. म्हणून ‘येईल आपोआप’ हे वाक्य पहिल्या महिन्यात कुणीही खात्रीने म्हणू शकत नाही. आमचं स्पष्ट मत असं: महिन्याभरात हालचाल सुरू झाली नाही, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला हात दाखवायलाच हवा. दाखवलं म्हणजे लगेच ऑपरेशन होतं असं नाही. बहुतेक वेळा ते तपासून नोंद करतात आणि पुढच्या महिन्यात बोलावतात. त्या दोन नोंदींची तुलना हीच सगळ्यात मोलाची माहिती असते.

उशीर झाला तर नेमकं काय बिघडतं?

नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंतचं अंतर कापायलाच तिला कित्येक महिने लागतात. बोटांच्या बारीक स्नायूंपर्यंत मोठ्या माणसात दोन वर्षंसुद्धा लागू शकतात. इकडे नस नसलेला स्नायू सुकत जातो. वर्ष-दीड वर्षात तो इतका बदलतो की नंतर नस पोहोचली तरी तो आकसत नाही.

म्हणून नसेची शस्त्रक्रिया करायचीच असेल तर अपघातापासून तीन ते सहा महिन्यांच्या आत व्हावी, असा प्रयत्न असतो. सहा महिन्यांनंतरही काही जणांना फायदा होतो, पण आशा दर महिन्याला कमी होत जाते. वर्ष उलटल्यावर सहसा नसेवर काम करत नाहीत. तिथे पर्याय बदलतात, त्यांच्याबद्दल खाली लिहिलं आहे.

एक अपवाद. कोयता, काच, ग्राइंडर किंवा चाकूने कापून हात लुळा पडला असेल तर तीन महिने थांबायचं नाही. तिथे नस कापली गेली आहे असं धरूनच काही दिवसांत जखम उघडून नस शिवतात.

कोणत्या तपासण्या लागतात?

सगळ्यात महत्त्वाची तपासणी सर्जनच्या हाताने होते, आणि तिला अर्धा-पाऊण तास लागतो. एकेक स्नायू तपासून त्याला 0 ते 5 असे गुण देतात. डोळ्यांकडेही बघतात: इजेच्या बाजूची पापणी थोडी उतरलेली आणि बाहुली लहान असेल, तर टी1 मूळ मणक्यातून उपटलं असण्याची शक्यता मोठी असते.

ईएमजी आणि एनसीव्ही, ज्याला बोलताना ‘नसांचा करंट’ म्हणतात, ती तपासणी इजेनंतर तीन-चार आठवड्यांनी करायची असते. तुटलेल्या नसेचा पुढचा भाग मरायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात केलेला रिपोर्ट फसवा निघू शकतो. घाईघाईने काढलेल्या रिपोर्टवर हजारो रुपये घालवलेले आणि नंतर तोच पुन्हा काढावा लागलेले कितीतरी रुग्ण येतात.

एमआरआय मानेचा आणि प्लेक्ससचा, दोन्हींचा लागतो. नुसता ‘सर्व्हायकल स्पाइन’ काढून आणला तर कॉलर बोनमागचा भाग त्यात नीट दिसत नाही. मुळं उपटली असतील तर तिथे पाण्याची पिशवी तयार झालेली दिसते.

आणखी एक तपासणी अगदी साधी आहे, आणि ती घरच्यांनाही दाखवता येते. नस जिथून वाढते आहे त्या जागेवर बोटाने टिचकी मारली की पुढे हातात झिणझिण्या जातात. दर महिन्याला ती जागा खाली सरकत असेल तर नस वाढते आहे. आम्ही त्या जागेवर बॉलपेनने खूण करून, शेजारी मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढायला सांगतो. पुढच्या भेटीत दोन फोटो शेजारी ठेवले की वेगळं सांगायला लागत नाही. खूण तीन महिने तिथेच अडून राहिली असेल, तर तेही सर्जनला लगेच कळतं.

शस्त्रक्रियेत करतात तरी काय?

तुटलेली दोन्ही टोकं सापडली तर मधल्या जागेत दुसरी नस जोडतात. ही नस बहुधा पोटरीच्या मागून घेतात. ती फक्त स्पर्शाची नस असते, त्यामुळे पायाची ताकद जात नाही; पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा राहतो.

मुळं उपटलेली असतील तर नस उसनी आणावी लागते. शेजारच्या चालू नसेचा थोडा भाग कापून तो बंद पडलेल्या स्नायूच्या नसेला जोडतात. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या शास्त्राने सगळ्यात मोठी झेप इथे घेतली आहे. खांद्यासाठी मानेजवळची अ‍ॅक्सेसरी नस वापरतात. कोपर वाकवण्यासाठी फ्रान्सच्या ओबेरलँ यांनी 1994 मध्ये एक सुंदर युक्ती मांडली: करंगळीच्या बाजूला जाणाऱ्या अल्नार नसेतला एखादा धागा काढून तो दंडातल्या बायसेप्सच्या नसेला जोडायचा. जोड स्नायूच्या अगदी जवळ असतो, म्हणून काही महिन्यांतच बायसेप्स फडफडायला लागतो आणि बोटांच्या ताकदीला सहसा जाणवेल इतका धक्का लागत नाही. थायलंडच्या सर्जननी दंडामागच्या ट्रायसेप्स स्नायूच्या नसेचा एक फाटा खांद्याच्या डेल्टॉइड स्नायूच्या नसेला जोडायची पद्धत रूढ केली. या दोन्ही युक्त्यांसाठी खालची मुळं चालू असावी लागतात.

पाचही मुळं गेली असतील तर उसनं मागायला जवळ फार काही उरत नाही. मग बरगड्यांमधल्या नसा वळवतात. शांघायचे डॉ. गू युडाँग यांनी 1986 मध्ये चांगल्या हाताचं सी7 मूळ दुसऱ्या बाजूला नेऊन जोडलं. त्याने चांगल्या हाताच्या बोटांना काही काळ बधिरपणा येतो, म्हणून हा निर्णय नीट बोलूनच घ्यावा. काही जणांत मांडीच्या आतला ग्रॅसिलिस स्नायू रक्तवाहिन्यांसकट हातात बसवतात.

ही ऑपरेशन्स मायक्रोस्कोपखाली होतात आणि सहा-आठ तास सहज चालतात. नंतर साधारण तीन आठवडे हात छातीशी बांधलेला असतो.

ऑपरेशननंतर हात पहिल्यासारखा होईल?

नाही, आणि हे ऑपरेशनच्या आधी स्वच्छ ऐकून घेतलेलं बरं. फक्त वरची दोन-तीन मुळं गेली असतील आणि वेळेत काम झालं असेल, तर बहुतेक रुग्ण कोपर वाकवतात, हात तोंडापर्यंत नेतात, खांदा काही अंशी उचलतात. अशी माणसं शेतीत, दुकानात, कंप्युटरवर कामाला परतलेली आम्ही पाहिली आहेत. पाचही मुळं गेली असतील तर ध्येय वेगळं असतं: खांदा जागेवर राहावा, कोपर वाकावं, पिशवी अडकवता यावी, चांगला हात काम करत असताना या हाताने वस्तू दाबून धरता यावी. बोटांचं नाजूक काम मोठ्या माणसात क्वचितच परत येतं.

‘मग कशाला करायचं?’ असं वडील मंडळी विचारतात. बावीस वर्षांच्या मुलाला कोपर वाकवता येणं आणि न येणं यात फार मोठा फरक आहे. त्या एका हालचालीसाठी एवढं ऑपरेशन करणं आम्हाला योग्य वाटतं.

फिजिओथेरपी, शॉक आणि मालिश यांनी नस येते का?

नस यांनी वाढत नाही. पण नस पोहोचेल तेव्हा सांधे मोकळे असायला हवेत, आणि हे काम फिजिओथेरपीचंच. खांदा, कोपर, मनगट आणि बोटांचे सांधे दिवसातून तीन-चार वेळा दुसऱ्या हाताने किंवा घरच्यांनी पूर्ण फिरवायचे. हात लोंबता ठेवू नका, झोळी वापरा. लोंबत्या हाताच्या वजनाने खांद्याचा सांधा खाली सरकतो. पण चोवीस तास झोळीतच ठेवला तर कोपर वाकलेलंच आखडतं.

करंटच्या मशीनने, म्हणजे ‘शॉक’ने, स्नायू टिकतो का यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. घ्यायचा असेल तर घ्या, पण त्यासाठी सर्जनची भेट पुढे ढकलू नका. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. झटके देऊन ओढणं, ताणणं मात्र नको. निखळलेला खांदा हाडवैद्याकडे ओढून बसवून घेणं तर अजिबात नको. एक्स-रे न काढता, नस न तपासता केलेल्या ओढाताणीत नसेला आणखी इजा होऊ शकते. बी-12ची इंजेक्शनं शरीरात ते जीवनसत्त्व कमी असेल तर उपयोगी पडतात. तुटलेली नस त्यांनी जुळत नाही.

नस उसनी घेतलेल्यांचा व्यायाम बघण्यासारखा असतो. बरगडीची नस जोडलेल्या रुग्णाला सुरुवातीला खोल श्वास घ्यायला सांगतो; श्वास भरला की दंडातला स्नायू हलतो. अल्नारचा धागा जोडला असेल तर मूठ आवळली की कोपर वाकायला लागतं. रोज आरशासमोर करत राहिलं की काही महिन्यांत मेंदू नवी वाट शिकतो आणि श्वासाचा किंवा मुठीचा विचार न करता कोपर वाकतं.

हाताला स्पर्श कळत नाही, पण आग मात्र होते. असं कसं?

उपटलेल्या मुळांचं दुखणं हे असंच असतं: बधिर हातात आग, विजेचे झटके, बोटं चिरडल्यासारखी वेदना. हे मनाचे खेळ नाहीत. घरच्यांनी ‘दुखतंय कसं, तुला तर कळतच नाही’ असं म्हणू नये.

साध्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं डॉक्टर हळूहळू डोस वाढवत देतात. ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नाहीत. हाताची नस परत यायला लागली की काही जणांचं दुखणं कमी होतं. वर्षानुवर्षं सहन न होणारं दुखणं असेल, तर मज्जारज्जूत मुळं शिरतात त्या जागेवर करायची ड्रेझ नावाची शस्त्रक्रिया आहे. ती न्यूरोसर्जन करतात.

आणि बधिर हात जपा. तव्याचा चटका, बाईकचा सायलेन्सर, गरम चहाचा पेला: फोड येईपर्यंत कळत नाही. रोज रात्री उजेडात हात दोन्ही बाजूंनी बघायची सवय लावा.

दंडाचं हाड मोडलं आणि मनगट खाली पडलं. प्लेक्ससच गेला का?

बहुधा नाही. दंडाच्या हाडाला वेढा घालून रेडियल नस जाते, तिला मार बसला की मनगट आणि बोटं वर उचलत नाहीत. बंद फ्रॅक्चरमधल्या (म्हणजे हाड कातडीबाहेर न आलेल्या) अशा बहुतेक इजा आपोआप बऱ्या होतात. तोवर मनगटाला आधार देणारा स्प्लिंट लावायचा. तीन-चार महिन्यांत काहीच हालचाल आली नाही तर सर्जनला नस बघावी लागते.

खांदा निखळल्यावर खांद्याची अ‍ॅक्सिलरी नस दुखावू शकते. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिर चट्टा येतो आणि हात बाजूला उचलता येत नाही. हीसुद्धा बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते.

मारच लागला नाही, तरी हात लुळा पडला. कशामुळे?

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एका रात्री खांदा भयंकर ठणकायला लागतो, आठवड्या-दोन आठवड्यांत ठणका उतरतो आणि मग हात उचलेनासा होतो. हा नसांचा दाह असू शकतो. ताप, ऑपरेशन किंवा बाळंतपणानंतरही तो होतो. त्याला बऱ्याचदा ‘फ्रोझन शोल्डर’ समजलं जातं. बहुतेक जण सुधारतात, पण काही महिने ते दोन-तीन वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट कुष्ठरोग. करंगळी बधिर, बोटं वाकडी, कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड, अंगावर फिकट बधिर चट्टा, यातलं काही असेल तर सरकारी दवाखान्यात जा. औषध मोफत मिळतं आणि नसेची ताजी इजा वेळेवर औषध दिल्यास बरी होऊ शकते.

बाळंतपणात बाळाचा हात लुळा पडला. काय करू?

बाळाचा खांदा अडकला की प्रसूतीत या नसा ताणल्या जातात. यात दोष कुणाला द्यायचा यात पहिले महिने घालवू नका, आणि आईला तर मुळीच बोल लावू नका. बहुतेक बाळं बरी होतात. डॉक्टरांना विचारून दोन-तीन आठवड्यांनी व्यायाम सुरू करायचे: दंड अंगाला टेकवून, कोपर काटकोनात धरून हात हळूच बाहेरच्या बाजूला फिरवायचा. दर वेळी लंगोट बदलताना केलं की विसरायला होत नाही.

तीन महिन्यांचं बाळ कोपर वाकवत नसेल तर नसांच्या सर्जनला दाखवा. पंजाही लुळा असेल आणि पापणी उतरलेली असेल तर आधीच दाखवा. हात बराचसा सुधारलेल्या मुलांमध्येही खांद्याचा सांधा वाकडा वाढू शकतो, म्हणून शाळेत जाईपर्यंत तपासणी सोडू नये.

दोन-तीन वर्षं होऊन गेली. आता काहीच होणार नाही का?

होतं. नसेची वेळ गेली असली तरी चालू स्नायूचा स्नायुबंध हलवून बंद पडलेल्या हालचालीला जोडता येतो. रेडियल नसेच्या जुन्या इजेत मनगट आणि बोटं उचलण्यासाठी याचा निकाल फार चांगला येतो. आपल्या देशात या शस्त्रक्रियांचा पाया कुष्ठरुग्णांच्या हातांवर घातला गेला: वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केलं. याशिवाय लुळा खांदा किंवा मनगट योग्य स्थितीत कायम जोडून टाकता येतं, आणि ग्रॅसिलिस बसवण्याचा पर्यायही उशिरापर्यंत असतो.

जायचं कुठे आणि खर्चाचं काय?

प्लेक्ससचा अनुभव असलेले प्लास्टिक सर्जन किंवा हँड सर्जन हे काम करतात. काही ऑर्थोपेडिक आणि न्यूरोसर्जनही करतात. ‘तुम्ही प्लेक्ससची ऑपरेशन्स नेहमी करता का?’ असं विचारण्यात उद्धटपणा नाही. मुंबईत केईएम, सायन आणि जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. इथल्या प्लास्टिक सर्जरी विभागात आधी चौकशी करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र सांगतात. रस्ते अपघातांसाठी केंद्राने 2025 मध्ये आणलेली दीड लाखापर्यंतची कॅशलेस योजना अपघातानंतरच्या सात दिवसांपुरती आहे. नसेचं ऑपरेशन काही महिन्यांनी होतं, तेव्हा त्याची तजवीज वेगळी करावी लागते. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त ठरलं तर दिव्यांग प्रमाणपत्राचे लाभ मिळतात.

पहिल्या भेटीला काय घेऊन जाऊ?

अपघाताची तारीख, पहिल्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एमआरआयची सीडी (नुसता कागद नको, सर्जनला चित्रं स्वतः बघायची असतात) आणि जुने-नवे सगळे ईएमजी. हात हलायला लागला असेल तर तारखेसकट मोबाइलवरचे व्हिडिओ. अपघाताच्या दाव्यासाठी पोलिसांचे कागद आणि बिलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, मूळ प्रती कुणाला देऊ नका. कपडे सैल घाला, कारण खांदा आणि पाठ दोन्ही उघडी करून बघतात. आणि सोबत घरचं एक माणूस न्या, कारण रोजचे व्यायाम त्यालाच करून घ्यायचे असतात.